धोट्यातली पुडी

आमच्या घरी भिंतीवर एक धोटा टांगलेला असायचा. धोटा म्हणजे मागावर उभ्या धाग्यांतून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो ना, होडीसारखा लाकडी, तो. माझ्या सासूबाईंचा. मुलानं माग विकला तेव्हा मी तेवढा ठेवून घेतला. येणारा-जाणारा म्हणायचा, बघा, म्हातारीचा किती जीव आहे जुन्या वस्तूवर! मी मान हलवायचे. जीव होता हे खरं, पण नेमका कशावर, ते सांगायला मला या वयात एका अळीनं भाग पाडलं.

शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं वाचायला शिकले ते रेशमाबरोबर आलेल्या रद्दीवर. बेंगळूरहून रेशमाची लड यायची ती वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि ती पानं निम्मी कानडी असायची, म्हणून कानडी अक्षरंही अर्धीमुर्धी येतात मला. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, पलीकडच्या बोळात दखनी. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला कुठल्या भाषेत बोलू असं विचारावं लागत नाही, समोरचा तोंड उघडतो आणि आपलं तोंड आपोआप तिकडे वळतं.

माझं काम सांधायचं. मागावरचा उभा ताणा संपत आला की नव्या ताण्याचं एकेक टोक जुन्याच्या एकेक शेपटीला जोडायचं. चिमटीत दोन्ही धरायची, बोटाला राख लावायची, पीळ द्यायचा आणि सोडायचं. गाठ मारायची नाही, गाठ फणीत अडकते. असे हजारो धागे, चाळीस वर्षं. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट माझं इतकं गुळगुळीत झालंय की सरकारी कामाला अंगठा चालला नाही तेव्हा हे बोट लावलं, तर मशीन म्हणालं, हेही नाही.

पण गंमत बघा. चाळीस वर्षं रेशीम हाताळलं आणि रेशमाचा किडा मी डोळ्यांनी पाहिला नव्हता. सूत कापसातून येतं ते ठाऊक, तसं रेशीम लडीतून येतं, इतकंच.

मग एके दिवशी एक बाई आली. कॉलेजात रेशीमकिड्यांवर संशोधन करणारी, पस्तिशीची, खांद्याला भली मोठी पिशवी. बरोबर एक चित्रकार. तो आमच्याच शहरातला, रंगाऱ्यांच्या घरातला, उंच, दाढीत रंगाचा एखादा ठिपका कायम. दोघं गल्लीगल्लीत म्हाताऱ्या बायकांना विचारत फिरत होते, जुनं पिवळं रेशीम तुम्ही कसं धुवायचात, कसं सांधायचात. माझ्याकडे पाच मिनिटांसाठी म्हणून बसले आणि तीन तास गेले. बोलायला मला कोण लागतं!

निघताना संशोधक बाईची नजर मागाच्या खोलीवर गेली. माग गेला, विणणारा पाय सोडून बसायचा तो खड्डा बुजवला, वर शहाबादी फरशी घातली. आता ती खोली रिकामी, आणि भर उन्हाळ्यातही गार.

"अव्वा," ती म्हणाली. आमच्यात आजीला अव्वा म्हणतात, तिनं पहिल्याच दिवशी उचललं ते. "ही खोली आम्हाला महिनाभर द्याल का? आणि तुम्हीही मदतीला याल का?"

कशासाठी, ते तिनं नीट समजावलं. पिवळ्या कोषाच्या अळ्यांची एक जुनी जात आहे. हल्ली शेतकरी पांढऱ्या कोषाच्या पाळतात, त्यांचा धागा लांब निघतो. ही जुनी कुणी विचारत नाही. तिच्या एका म्हाताऱ्या शिक्षकांनी दक्षिणेतून तिला या जातीच्या अंड्यांचा एक कागद दिला होता, पोस्टकार्डाएवढा. ते शिक्षक आता थकले, दुसरा कागद मिळायचा नाही. अंडी तिनं कॉलेजात उबवली होती, अळ्या बोटाच्या पेराएवढ्या झाल्या होत्या, पण तिथं शेजारच्या खोलीत भिंती रंगवायला काढल्या आणि त्या वासात अळ्या टिकायच्या नाहीत.

"या जगल्या तर पुढची अंडी," ती म्हणाली. "नाही जगल्या तर माझ्यापुरती ही जात संपली."

चित्रकाराचं वेगळंच. रेशमासाठी कोष उकळतात, आत अळी मरते, हे मला तेव्हाच कळलं. तो म्हणाला, अळीला कोपरा मिळाला नाही तर ती कोष बांधत नाही, सपाट पाटावरच धागा अंथरत जाते. शेकडो अळ्या मिळून एक अखंड कापड करतात, माग नाही, सांधा नाही. आणि अळ्या जिवंत राहतात, त्यांची फुलपाखरं होतात, अंडी देतात. म्हणजे त्याला त्याचं कापड आणि तिला तिची अंडी.

"सांधा नाही?" मी म्हटलं. "मग माझं काय काम?"

"अम्मा, तुमे देखनेकू तो रहो," तो म्हणाला. "बिना जोड का कपडा, जोडनेवालीच देखेगी तो मजा है की."

मी हो म्हटलं. तेव्हा त्या बाईनं पिशवीतून वही काढली आणि विचारायला लागली. घरात डासांची कॉइल लावता? नाही. उदबत्ती? देवघर वर आहे. सेंट, पावडर? हसलोच आम्ही.

"तंबाखू? कुणी खातं, ओढतं, मशेरी लावतं? अळीला तंबाखूइतकं वाईट काहीच नाही. हाताला लागलेलीसुद्धा चालत नाही."

माझी सून दारात उभी होती. सासूला आमच्यात अत्तम्मा म्हणतात. ती अभिमानानं म्हणाली, "अत्तम्मांनी मशेरी सोडून दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी सांगितलं त्याच दिवशी सोडली."

सगळे माझ्याकडे कौतुकानं बघायला लागले. आता सांगा, मी काय बोलणार होते?

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू. पूड करायची आणि बोटानं दातांना लावायची. पन्नास वर्षांची सवय माझी. सोडली होती, चार दिवस. पाचव्या दिवशी शेजारणीकडून चिमूटभर आणली, कागदाची बारीक पुडी केली आणि लपवायला जागा शोधली. धोट्याच्या पोटात खोबण असते, धाग्याची कांडी बसवायला. पुडी तिथं अशी बसली, जणू सुतारानं तिच्यासाठीच कोरली होती. सकाळी सगळे उठायच्या आत धोटा खाली काढायचा, फडक्यानं पुसल्यासारखं करायचं, बोट दातांवरून फिरवायचं, धोटा परत वर. सुनेला वाटायचं, सासूला सासूची आठवण येते.

त्यात हा चित्रकार धोट्याच्या प्रेमात पडला. रोज आला की भिंतीपाशी उभा. "अम्मा, ये मेरेकू देओ ना. कपड्याके बाजूमें लटकाता. मागका धोटा आनि बिना मागका कपडा, जोडी!"

"नको बाबा. सासूची यादगार हाय."

"बस हात लगाके देखू?"

"हातसुद्धा नको!"

तो बिचारा हात मागं घ्यायचा. मोठ्या आदरानं.

अळ्या आल्या त्या दिवशी मी त्यांना अर्धा तास नुसतं बघत बसले. मऊ, पांढुरक्या, तोंड इवलंसं आणि भूक अशी की विचारू नका. तुतीचा पाला घातला की खोलीभर बारीक आवाज, कुणी ज्वारीचं पीठ चाळतंय असा. मग एक दिवस सगळ्यांनी डोकं वर केलं आणि तशाच थिजल्या. मी घाबरले. संशोधक बाई म्हणाली, झोपल्या आहेत, कात टाकतील, मोठ्यानं बोलू नका. आयुष्यात पहिल्यांदा मी दीड दिवस गप्प बसले. सून म्हणाली, "ह्या अळ्या कायमच्या ठेवून घेऊ या का?"

पाला आणायचा एक शेतकरी, अक्कलकोटकडचा. चाळिशीचा, मोटारसायकलवर ओल्या गोणपाटात पाला गुंडाळून पहाटे निघायचा. त्याच्या कानडीत अव्वा म्हणजे आई, त्यामुळं तोही मला अव्वाच म्हणायचा आणि आल्या आल्या चहा मागायचा, हक्कानं. तो स्वतः पांढऱ्या कोषाच्या अळ्या पाळतो, गावातल्या बाकीच्यांना बारीक अळ्या वाढवून विकतो. पिवळ्या बघून त्याला लई मौज वाटायची.

जाग्या झालेल्या अळ्या घाण पाल्यावरून स्वच्छ पाल्यावर न्यायच्या असतात. संशोधक बाईनं त्यासाठी पिसं दिली होती. पिसाच्या टोकानं अळी अलगद उचलायची. तिला आणि चित्रकाराला ते जमायचं, पण किती वेळ! मी म्हटलं, पीस कशाला, हे बोट आहे की. रेशमाचा एकपदरी धागा न तोडता धरणारं बोट. मी चिमटीत न दाबता एकेक अळी अशी उचलली की ती बाई बघतच राहिली. "अव्वा, असा हात आमच्या प्रयोगशाळेत कुणाचा नाही." त्या दिवसापासून एक ताट माझं झालं. दारापाशी ठेवलेलं, माझं ताट. मी अशी फुगले होते की काही विचारू नका. हात मी धुवायचे, साबण लावून. पण पन्नास वर्षांत बोटाच्या भेगांत काय काय मुरलं असेल, त्याचा विचार कुणी करायचा?

चौथ्या दिवशी सकाळी सून लवकर उठली. मी धोट्यापाशीच होते. घाईघाईनं पुडी कोंबली, बोट पदराला पुसलं आणि काहीतरी करतेय असं दाखवायला थेट ताटापाशी जाऊन अळ्या हलवायला लागले. चाळीसेक हलवल्या.

दुपारपर्यंत माझ्या ताटातल्या अळ्यांनी खाणं सोडलं. डोकं वर उचलून त्या डावीकडे-उजवीकडे झुलायला लागल्या, तोंडातून हिरवट पाणी, अंग आखडलेलं. मी संशोधक बाईला फोन केला. ती आली, बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. "विष आहे हे. अव्वा, पाल्यावर काहीतरी फवारलंय."

तेवढ्यात दुपारचा पाला घेऊन शेतकरी दारात. चित्रकारानं त्याला काही न बोलता ताट दाखवलं.

"माज्या पाल्यानं?" शेतकरी म्हणाला. "न्हाय ओ! फवारनी बंद करून सा महिने झाले. शेजाऱ्याला बी सांगितलंय, वारं हिकडं असलं तर फवारू नको म्हनून."

"तुमच्यावर आरोप नाही करत," संशोधक बाई म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. "पण उद्यापासून पाला दुसरीकडून घ्यावा लागेल. आणि तुमच्याकडून बारीक अळ्या नेतात त्या लोकांनाही सांगायला हवं. त्यांचंही नुकसान होईल."

ते ऐकून त्या माणसानं गोणपाट खाली टाकलं, मूठभर पाला उचलला आणि तोंडात कोंबला. चावतोय, हिरवा रस ओठांवर, आणि बोलतोय. "बघा! इख असंल तर मला बी झुलू दे! गावात बोभाटा झाला, माजा पाला खराब, तर कोन येतंय माज्याकडं? सांगा की!"

मी भिंतीला टेकून उभी होते. बाकीच्या तिन्ही ताटांतल्या अळ्या मजेत खात होत्या. पाला तोच, सकाळचाच. झुलत होतं ते एकच ताट, माझं. ते त्या तिघांना गडबडीत दिसत नव्हतं, मला दिसत होतं. आणि एक सांगते, दोन मिनिटं मी गप्प बसले. ती दोन मिनिटं मला अजून टोचतात. त्या माणसानं दुसरी मूठ उचलली तेव्हा मात्र राहवलं नाही.

"थुंक ते," मी म्हटलं. "पाला चांगला आहे तुझा."

स्टुलावर चढायची सुद्धा गरज नव्हती, धोटा मी माझ्या हाताला येईल असाच टांगला होता. खाली काढला, उलटा केला, तळहातावर दोनदा आपटला. पुडी पडली. उघडून दाखवली. खोलीत वास पसरायच्या आत संशोधक बाईनं ती हिसकावली आणि बाहेर पळाली.

 मग शेतकरी हसायला लागला. तोंडात पाला, डोळ्यांत पाणी, आणि हसतोय. "अव्वा! माजी आई बी असंच करती! तिची पुडी चुलीमागं असती!"

चित्रकार कपाळावर हात मारून, "यादगार यादगार बोलके मेरेकू इत्ते दिन फिराए, अम्मा! मैं तो धोट्येकू सलाम करताऊँ रोज!"

सून मात्र हसली नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आत्ता कळलं, त्या धोट्याला रोज पुसावं का लागतं ते. दोन वर्षं मी लोकांना सांगत फिरतेय, आमच्या अत्तम्मांसारखा निश्चय कुणाचा नाही."

"निश्चय होता की," मी म्हटलं. "चार दिवस."

तेव्हा ती हसली. तोंड फिरवून, पण हसली. मला दिसलं.

संशोधक बाई परत आली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता. ती म्हणाली, तंबाखू असेल तर आशा आहे, फवारणीचं विष असतं तर नसती. खिडक्या उघडा, अळ्या लांब लांब पसरा, नवा पाला घाला. आणि शेतकऱ्याकडे वळून तिनं दोन्ही हात जोडले. तो म्हणाला, "हात कशाला जोडताय ताई, चहा सांगा की. पाला कडू हाय लई."

मला कुणी हात लावू देईना. मी उंबऱ्यावर बसून बघत राहिले. संध्याकाळी एक अळी झुलायची थांबली, पाल्याच्या कडेला तोंड लावलं. मग दुसरी. नऊ गेल्या. त्या नऊ मी स्वतः अंगणातल्या तुळशीच्या मुळाशी पुरल्या. बाकीच्या उठल्या.

पुढचे दिवस विचारू नका. तोंडात पुडी नाही, हातात काम नाही. सुनेनं बडीशेप काळी होईस्तोवर भाजली, कुटली आणि डबीत घालून समोर ठेवली. "ही घासा." घासली. दात स्वच्छ झाले आणि जिभेला लग्नाच्या जेवणानंतरचा भास व्हायला लागला, पण जेवण काही नाही! संशोधक बाई रोज यायची आणि आल्या आल्या माझं बोट नाकाला लावायची, पोलिसासारखी. "अजून येतोय." दुसऱ्या दिवशी, "किंचित." लिंबू, राख, डाळीचं पीठ, मी सगळं चोळलं. शेतकरी आला की दारातूनच ओरडायचा, "अव्वा, आज बोट पास का नापास?"

मग अळ्या पिकल्या. अळी धागा सोडायला तयार झाली की आरपार दिसायला लागते, पिकल्या द्राक्षासारखी, आणि खाणं सोडून डोकं वर करून फिरते. चित्रकारानं खोलीच्या मधोमध मोठा पाट ठेवला, चादरीएवढा, कागद चिकटवलेला. सगळ्या अळ्या त्यावर सोडल्या. पण त्यांना कोपरा हवा असतो. मधोमध ठेवलं की सरळ कडेकडे चालायला लागायच्या, कडेखाली जाऊन कोष बांधायला. एकेकीला उचलून परत मध्ये आणायचं, ती पुन्हा चालायला लागायची. संशोधक बाई एका बाजूला, चित्रकार दुसऱ्या, हातात पिसं. आणि आता पिसाला धागा चिकटायला लागला. अळी उचलली की तिच्यामागं धागा ताणला जायचा आणि तुटायचा. पाटावर पातळ पिवळी जाळी पडायला लागली होती, तिला भोकंच भोकं.

"नाही जमत," चित्रकार म्हणाला. मराठीत म्हणाला, म्हणजे खरंच हरला होता.

संशोधक बाईनं माझ्याकडे बघितलं. मी उंबऱ्यावरच. ती उठून आली, माझं बोट धरलं, नाकाला लावलं. मग डोळे मिटून परत एकदा.

"बडीशेप," ती म्हणाली. "या, अव्वा."

मी तरी परत हात धुतले. तीनदा. पाटाशी बसले. कडेला आलेली एक अळी होती, तिच्याखाली बोट सरकवलं, तिचा धागा तुटू न देता, सैल ठेवत ठेवत मध्ये आणली आणि सोडली. ती दोन क्षण गप्प. मग तिनं डोकं वर उचललं आणि झुलायला लागली. डावीकडे, उजवीकडे. तसंच.

मी ओरडलेच. "गेली गं! हीही गेली! मारली मी!"

संशोधक बाई वाकली आणि हसायलाच लागली. "अव्वा, नीट बघा. तिच्या तोंडाकडे बघा."

चष्मा पुसून बघितलं. तोंडातून धागा. इतका बारीक की उजेडात आला तरच दिसावा, पिवळा. डोकं डावीकडे, उजवीकडे, आडव्या आठच्या आकड्यासारखं, आणि प्रत्येक फेरीला पाटावर एक टाका. माझ्या बोटाच्या शेजारी, माझ्या बोटाला न घाबरता. चाळीस वर्षं ज्याची टोकं जोडली त्या रेशमाचं दुसरं टोक मी तेव्हा बघितलं.

मग मात्र मी उठलेच नाही. दोन दिवस पाटाशी. गल्लीतल्या दोन सांधणाऱ्या म्हाताऱ्या बोलावल्या, आधी त्यांची बोटं हुंगून. हो, मीच हुंगली! एक पास, एक नापास. नापास झालेली घरी जाऊन बडीशेप घासून दुसऱ्या दिवशी परत आली. सूनही शिकली, तिचा हात चांगला आहे, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, ते त्या दिवशी सांगितलं. बोलणं, चहा, हसणं, आणि मध्ये त्या शेकडो अळ्या मान हलवत हलवत आमचं सगळं ऐकल्यासारख्या.

कापड झालं. पाटावरून सोडवलं तेव्हा पापडासारखं कुरकुरीत, उन्हात धरलं तर आतून सोन्यासारखं. एका कोपऱ्याला जरा विरळ आहे, तिथं त्या नऊ असायच्या होत्या असं मी मनाशी धरलंय. चित्रकार म्हणतो, तसं काही नसतं अम्मा. नसू दे. धागा संपलेल्या अळ्या आम्ही कागदाच्या खोक्यात ठेवल्या होत्या, काही दिवसांनी त्यांची फुलपाखरं निघाली, गुबगुबीत, उडता न येणारी, आणि त्यांनी अंडी घातली. एका पोस्टकार्डाचे अकरा कागद झाले. त्यातला एक संशोधक बाईनं सगळ्यांसमोर शेतकऱ्याच्या हातात दिला. त्यानं तो कपाळाला लावला आणि मला म्हणाला, "अव्वा, ह्या माज्या घरी. बघायला या. पर दारातच बोट दाखवायचं बरं का!"

धोटा मी चित्रकाराला दिला. रिकामा, आत-बाहेर धुऊन. आमच्याच गल्लीतल्या एका हॉलमध्ये त्यानं ते पिवळं कापड टांगलं आणि शेजारी धोटा. सगळा पूर्व भाग लोटला बघायला. मी खुर्ची टाकून बसले होते, धोटा आमच्या घरचा हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. माझ्याच वयाची एक बाई कापडापुढं थोडा वेळ थांबली, मग धोट्यापाशी गेली. इकडं तिकडं बघितलं, वाकली आणि धोट्याच्या खोबणीला हळूच नाक लावलं. लाकूडच ते, कितीही धुतलं तरी मुरलेला वास थोडाच जातो.

ती वळली. माझ्याकडे बघितलं आणि तेलुगूत विचारलं, "नुव्वु कूडाना?"

म्हणजे, तूसुद्धा का गं?

मी खुर्ची सरकवून तिला जागा केली आणि कमरेची बडीशेपची डबी काढून तिच्यापुढं धरली.